दर्यावरची चाची

मंडळी, आपल्या रझियाआपांचे भाऊ सलीमभाई, आणि पुढं मांडी घालून बसलेल्या माझ्या पोरींनो,

आपांच्या शोकसभेत बोलायला उभी तर राहिले, पण तोंड उघडलं की हुंदका येईल का हसू, याचा माझा मलाच भरवसा नाही. सांभाळून घ्या.

रझियाआपा आपल्या शाळेत चित्रकला शिकवायच्या, मी मराठी. दिवाळी झाली की आमच्या कितीतरी पोरी आईबापासंगं ऊसतोडीला जायच्या. परत आल्या की पुस्तक बघूनच तोंड फिरवायच्या. एकदा आपा म्हणाल्या, "मंदाबाई, तुमी गोष्ट लिहा. मी चित्रं काढते. पण पोरीची गोष्ट पाहिजे. लय धाडसी पोरगी."

मी समुद्रावर जहाजं लुटणारी सगुणा लिहिली. नाव दिलं 'दर्यावरची चाची'. चाचेगिरी करणारी, म्हणून चाची! आपा हसत सुटल्या. "अवो बाई, आमच्यात चाची म्हणजे काकू! लुटारू काकू काढू का?"

मी म्हटलं, काढा. आणि खरंच तशी काढली त्यांनी. सावळी, दणकट, पदर खोचलेला, कमरेला तलवार.

समुद्र? तो दोघींनीही पाहिला नव्हता. गोदावरीला पूर आला की आपा घाटाच्या वरच्या पायरीवर कागद घेऊन बसायच्या. पलीकडचा काठ तेवढा काढायचा नाही. झाला समुद्र!

मग शहरातले एक प्रकाशक भेटले. म्हणाले, गोष्ट झकास आहे, फक्त नायिका जरा गोरी, नाजूक करा. आणि शेवटी राजपुत्र येऊन तिला सोडवतो, असं दाखवा. मी मान डोलावणारच होते. पुस्तक निघणार होतं हो आमचं! आपांनी चहाचा कप खाली ठेवला. "ठेवू की राजपुत्र. जहाज झाडायला माणूस लागतोच."

गेलं पुस्तक! मी रडकुंडीला आले. आपा म्हणाल्या, "चला पूर्णेला." त्या गावी लग्नपत्रिका छापणारे त्यांच्या ओळखीचे होते; गोष्ट अंकाअंकानं छापायचं ठरलं. त्यांच्याकडं शाई दोनच रंगांची, लाल आणि सोनेरी. म्हणून चाचीचा समुद्र लालभडक, लाटा सोनेरी. पोरींना विचारलं, समुद्र असा का गं? "संध्याकाळ झालीय न् बाई!" मग काय, आमच्या दर्यावर कायम सांजच राहिली.

ते अंक पोरींनी उसाच्या फडात नेले. कोपीत, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, आई भाकरी थापायची आणि पोरगी शेजारी बसून मोठ्यानं चाची वाचायची. एक बाप शाळेत भांडायला आला. "माझी पोरगी लुटायला शिकायलीय!" आपांनी विचारलं, "वाचायला शिकली का?" "शिकली न्." मग हळूच, "फुडला अंक कधी हाय?"

मागच्या वर्षी आपांचा हात थरथरायला लागला. मला वाटलं, आता जहाज किनाऱ्याला लावावं, गोष्ट संपवावी. तसं बोलले, तर लय चिडल्या. "किनाऱ्याला येऊन ती काय करंल? मेथी निवडंल? हात हलतोय तर मी लाटा काढते. तोंडं वैशालीला काढू द्या."

ही वैशाली, इथंच बसलीय. फडात चाची वाचून ही वाचायला लागली. आता स्वतः शिकवते. आपांना दवाखान्यात ठेवलं, तेव्हा खाटेवरच कागद पसरायचा. आपा लाटा काढायच्या, वैशाली चेहरे. "नाक फेंदारलेलं काढ गं, चाची हाय ती, नवरी न्हाई!" नर्सबाई रागवायच्या, आणि रागवून झालं की त्याही वाकून बघायच्या.

आपा गेल्या तेव्हा एक पान अर्धं राहिलं होतं. लाटा आहेत, जहाज आहे, चाचीचं तोंड नाही. काल वैशाली ते पान घेऊन घरी आली. म्हणाली, "बाई, चेहरा काढते, पण चाचीला काय दिसायलंय ते सांगा." मला कुठं माहीत होतं? आज सकाळी तेच, चाचीची पुढची गोष्ट, लिहायला बसले. सभेला यायला उशीर झाला तो त्यामुळं.

आपा, तुम्हाला माझा सलाम, आणि वाकून नमस्कारही.

मंडळी, आता उभं राहू. दोन मिनिटं शांत राहू. मधेच कुणाला हसू फुटलं, तर दाबू नका.