डावीकडचं व्हायोलिन

कानाच्या डॉक्टरांकडे माझा नंबर यायला वेळ होता. शेजारी साठच्या दशकात एका गायिकेला साथ केलेले वृद्ध व्हायोलिनवादक आणि त्यांची धाकटी बहीण बोलत होते.

"दादा, बाईंची नवी रेकॉर्ड जुनीपेक्षा चांगली आहे का रे?"

"जुनीत सगळी वाद्यं एकात एक मिसळलेली. मधे सीडी आली, ती नुसती कर्कश. ही मूळ टेपवरून काढलीय, अगदी लख्ख. एकेक व्हायोलिन वेगळं ऐकू येतं."

"मग तोंड का पाडून बसलायस?"

"तिसऱ्या गाण्यात एक व्हायोलिन उशिरा सुरू होतं, आठवतं?"

"हो की! त्यापायी तुझ्या मित्राला वाद्यवृंदातून काढलं."

"तो उजवीकडे बसायचा. ते व्हायोलिन डावीकडे वाजतंय."

"डावीकडे कोण होतं?"

"मी एकटाच."

"अगं बाई! आणि त्याचं नाव कुणी सांगितलं होतं?"

"मीच. मला खरंच तसं वाटलं होतं गं."

"जाऊ दे. इतक्या वर्षांनी कोण ऐकतंय?"

"काल मीच त्याला फोन करून सांगितलं."

"काय म्हणाला?"

"म्हणाला, मला तेव्हाच माहीत होतं. तुझ्या घरी पाळणा हलणार होता, म्हणून गप्प बसलो."