मोटर कोरडी निघाली

(सुपा एमआयडीसीच्या रस्त्यावरचं गोरक्षनाथचं सायकलींचं दुकान. दुपार. वैजनाथची बॅटरीवरची सायकल स्टँडवर चढवलेली आहे आणि पेडलजवळच्या मोटरचं झाकण काढलेलं आहे. वैजनाथ स्टुलावर बसलाय. त्याची बायको जयमाला दारात उभी आहे.)

वैजनाथ: …तिलाच इचार ना. माझ्याकडं काय बघतोस? खंडेनवमीला हत्यारं पुजायची म्हनून पाइप लावून धुतली हिनं. ट्रॅक्टर धुवावा तशी. वर हळदकुंकू, झेंडूची माळ, चाकाखाली लिंबू. तवापास्नं मोटर मेलीय.

गोरक्षनाथ: वैनी, दारात का उभ्या? आत या, त्या खोक्यावर बसा. खरंच पाइप लावला हुता?

जयमाला: लावला हुता, भाऊजी. दरवर्षी मोटरसायकल तशीच धुवायचे मी. हिला ते चालत न्हाई, हे मला कुनी सांगितलं न्हाई.

वैजनाथ: इचारायचं असतंय.

जयमाला: दसऱ्यापास्नं हेच ऐकते मी. खिंडीच्या चढाला उतरून ढकलावी लागली, की माझं पानी. कामावर उशीर झाला, की माझं पानी. पंकजा हॉस्टेलवरनं घरी आली, तर पोरीसमोर बी तेच. आता मी सायकलीला हात लावायचंच सोडून दिलंय.

गोरक्षनाथ: आन ह्या बाबाच्या माझ्याकडं खेपा सुरू. आधी म्हनला मोठी बॅटरी बसव. बसवली. मग पुढचं चक्कर लहान करून घेतलं, चढाला हलकं जावं म्हनून. मग साखळी नवी पायजे. आता ही मोटर मधी, पेडलपाशी असती. तिचा समदा जोर साखळीवरच येतो, त्यामुळं साखळी झिजती हे खरं. पन तुझी झिजली नव्हती, वैजू. तवाच म्हनलं, मोटर एकदा उघडून बघू. तर म्हने येळ न्हाई.

वैजनाथ: कंपनीत सुट्टी कोन देतंय? काल सायकल ठेवून गेलो, आज साप्ताहिक सुट्टी म्हनून आलो. आता उघडलीस ना? मग सांग काय जळालंय. नवी टाकायची तर नवी टाक. जास्त ताकदीची टाक.

गोरक्षनाथ: कायबी जळालं न्हाई.

वैजनाथ: गंज तरी असंल.

गोरक्षनाथ: गंज बी न्हाई. वैनी, तुमी पुढं या, बघा. हे आतलं ग्रीस. पानी शिरलं की हे ताकावानी पांढरं पडतं. हे कसं हाय? कंपनीतून आलं तसंच. कडंचं रबर बी जाग्यावर हाय. तुमच्या पान्याचा एक थेंब आत गेलेला न्हाई. मोटर कोरडी हाय.

जयमाला: म्हंजे माझ्यामुळं न्हाई?

गोरक्षनाथ: न्हाई.

जयमाला: पुन्हा एकदा म्हना, भाऊजी. ह्यांना ऐकू जाऊ द्या.

वैजनाथ: ऐकलं. शिमगा आला आता. वाळलं असंल पानी एवढ्या महिन्यांत.

गोरक्षनाथ: पानी वाळतं, गंज वाळत न्हाई.

वैजनाथ: मग ओढत का न्हाई ती? सपाटीला बरी पळती. चढ लागला की मेल्यागत करती.

गोरक्षनाथ: काल तू गेल्यावर मी तिला खिंडीपतुर घेऊन गेल्तो. माझं हे पोट बघ. ह्या पोटासकट वर नेलं तिनं मला, मधी उतरावं लागलं न्हाई.

वैजनाथ: तुझ्या येळेला चालली असंल. कधी चालती, कधी न्हाई. तेच तर तिचं दुखनं हाय.

गोरक्षनाथ: दुखनं कुनाचं हाय ते बघू. तुझं उजवं पेडल मी खोललं, छर्रे पार झिजलेत. डावं खोललं तर ते दुकानातून आनल्यासारखं. एकाच सायकलीची दोन पेडलं, आन अशी कशी? थांब, झाकन लावतो… हं. आता चढ वर. स्टँडवर हाय, पडायचा न्हाईस. मागचा ब्रेक मी धरून ठेवतो. उजव्या पायानं दाब. वैनी, हँडलवरच्या त्या डब्यात काळी घरं दिसत्यात का?

जयमाला: दिसत्यात. भरत चाललीत. समदी भरली.

गोरक्षनाथ: ही मोटर आपल्या मनानं ओढत न्हाई, वैनी. मानूस पायानं किती दाबतोय ते तिला आतून कळतं, आन त्या हिशोबात ती हातभार लावती. तो हातभार त्या घरांत दिसतो. आपन चार आने घातले तर ती बारा आने घालती. आपन कायच घातलं न्हाई, तर ती बी गप बसती. हां, वैजू. आता डावा.

वैजनाथ: दाबतोय.

गोरक्षनाथ: दाब.

वैजनाथ: दाबतोय म्हनलं ना.

गोरक्षनाथ: वैनी?

जयमाला: एक बी घर भरलं न्हाई.

वैजनाथ: त्या बाजूचा सेन्सर गेला असंल.

गोरक्षनाथ: सेन्सर एकच असतो, दोन्ही पायांना मिळून. उतर तू, मी बसतो. ब्रेक धर. हा बघ माझा डावा पाय. वैनी?

जयमाला: भरली.

गोरक्षनाथ: मी काय डॉक्टर न्हाई, वैजू. सायकलीत खोट न्हाई, एवढंच मला सांगता येतंय.

वैजनाथ: झालं तुझं? मग आता थ्रॉटल बसवून दे. मोपेडला असतो तसा, मुठीत पिळायचा. पाय नुसते पेडलवर ठेवायचे, दाबायचं कामच न्हाई. ते लाव आन मोकळा हो.

जयमाला: थांबा. आधी बूट काढा.

वैजनाथ: कशाला?

जयमाला: डाव्या पायातला बूट काढा. मोजा बी काढा. थंडी वाजती म्हनून मोजे घालून झोपताय दिवाळीपास्नं. आता अंगाची लाही व्हायला लागली तरी मोजे. काढा.

वैजनाथ: रस्त्यानं लोकं जात्यात, जयमाला.

गोरक्षनाथ: मी शटर अर्धं ओढतो. काढ, वैजू.

जयमाला: …ही पोटरी बघा, भाऊजी. ही ह्या पायाची आन ही त्या पायाची. एकाच मानसाची वाटती का? बोटं वर करा. अहो, वर करा.

वैजनाथ: होत न्हाई.

जयमाला: कधीपास्नं?

वैजनाथ: मोटरसायकल इकली, त्याच्या आधीपास्नं.

जयमाला: ती तर पेट्रोल परवडत न्हाई म्हनून इकली.

वैजनाथ: तुला तसं सांगितलं. मोटरसायकलचा गियर डाव्या पायानं उचलायचा असतो. पाऊल उचलतच नव्हतं. हायवेला एकदा पहिल्याच गियरमधी अडकलो, मागं ट्रेलरवाला हॉर्न मारतोय, आन मी खाली वाकून हातानं गियर उचलायला बघतोय. त्याच आठवड्यात इकली. म्हनलं, सायकलीचा गियर तरी हातात असतो. आन सायकल मारत कामाला येनाऱ्या मानसाला आजारी कोन म्हननार? गेटवरचा सिक्युरिटीवाला रोज म्हनतो, वैजनाथराव, ह्या वयात सायकल म्हंजे तब्येत चांगली राखलीय तुमी.

गोरक्षनाथ: तुझ्या वडलांचं बी असंच सुरू झालं हुतं.

वैजनाथ: नानांचं नाव काढू नको.

गोरक्षनाथ: काढनार. आपन पारावर खेळायचो. नाना रानातून यायचे, तर डावी चप्पल मागंच राहायची रस्त्यात. त्यांना कळायचं बी न्हाई. आपन पोरं हसायचो. तू बी हसायचास.

जयमाला: मला लग्नात सांगितलं, नाना बैलगाडीवरनं पडलेत म्हनून काठी घेऊन चालत्यात. नांदायला आले, तर सालभरात त्यांनी अंथरूनच धरलं. मी त्यांचं समदं केलं, घास सुदीक भरवला. शेवटाला तर त्यांना गिळता येईना. बैलगाडीवरनं पडल्यानं मानसाला गिळता येत न्हाई का? माझ्या मनात यायचं. पन सासरच्या मानसांना इचारायचं कसं?

वैजनाथ: माझ्या आज्याचं बी तसंच झालं हुतं. आमच्यात बाप्यांना म्हाईत असायचं, घरात येनाऱ्या बायकांना सांगायचं न्हाई. नाना मला स्वतः म्हनले हुते, सुनेला सांगू नको, पोटात लेकरू हाय तिच्या.

जयमाला: पंकजा हुती पोटात.

वैजनाथ: व्हय.

जयमाला: तिला हुईल का हे?

वैजनाथ: तिचं नर्सिंगचं शेवटचं वरीस हाय. एवढं वरीस मला निभवायचंय. कंपनीत कळलं तर मला दुसऱ्या दिवशी घरी बसवत्याल. गावात कळलं तर त्याहून वाईट. त्या घरात पाय जात्यात, असं एकदा कुनाच्या तोंडातनं निघालं, की पोरीचं लग्न—

जयमाला: मी लग्नाचं इचारलं न्हाई. तिला हुईल का, ते इचारलं.

वैजनाथ: मला म्हाईत न्हाई. आमच्यात बाईला झालेलं कुनी बघितलं न्हाई. पन बघनार कसं? आज्याला लेक नव्हती, नानांना नव्हती. पंकजाच पहिली.

जयमाला: आन तुमी मला पान्यावरनं बोलत बसलात. रोज दिवा लावताना मी देवीपुढं हात जोडायचे, की बाई, मी अडानी, माझ्या हातनं चूक झाली, ह्यांची गाडी नीट होऊ दे. तुमाला म्हाईत हुतं की हे पान्यानं न्हाई.

वैजनाथ: नव्हतं म्हाईत. खरं सांगतो, जयमाला. पाय बारीक होतोय हे म्हाईत हुतं. पन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी खिंडीत पहिल्यांदा उतरावं लागलं, तवा म्हनलं, एवढ्या लवकर कसं हुईल? पानी गेलं असंल. मोटरच असंल. गोरख नवी टाकील आन हे जाईल. तुला बोललो की मला ते खरं वाटायचं. जेवढं जास्त बोलायचो तेवढं जास्त खरं वाटायचं.

जयमाला: मग आनखी बोलायचं. मी ऐकलं असतं. भाऊजी, मोटर जळालेलीच निघायला पायजे हुती.

गोरक्षनाथ: मला बी तेच वाटतंय, वैनी. सकाळी उघडली तवापास्नं वाटतंय.

वैजनाथ: थ्रॉटल लावतोस का न्हाई?

गोरक्षनाथ: न्हाई. जो पाय तुला उचलता येत न्हाई, तो पेडलवर राहील का? घसरला आन चाकात गेला म्हंजे? अंगावरनं ट्रेलर जाईल तुझ्या. मग मी ह्या वैनीला तोंड कसं दावू? आधी नगरला जा, मोठ्या डॉक्टरला दाखव.

वैजनाथ: डॉक्टर काय नवं सांगनार? आज्याचं ऐकलंय, नानांचं बघितलंय. पुढचं समदं मला पाठ हाय. तू लावला न्हाईस तर दुसऱ्याकडनं लावून घेईन. न्हाईतर खिंडीत ढकलत जाईन, रोज.

जयमाला: लावा, भाऊजी.

गोरक्षनाथ: वैनी, तुमी सुदीक?

जयमाला: हे ऐकायचे न्हाईत, तुमाला म्हाईत हाय. काम सोडून बी चालायचं न्हाई, ते बी तुमाला म्हाईत हाय. डाव्या पेडलला पट्टा लावा, पाऊल जाग्यावर राहील असा. थांबताना उजवा पाय टेकवत्याल. आन सोमवारी मी ह्यांना नगरला घेऊन जानार. पंकजाला काय सांगायचं, कसं सांगायचं, ते मला त्या डॉक्टरलाच इचारायचंय.

वैजनाथ: सोमवारी ड्युटी हाय माझी.

जयमाला: सुट्टी टाका. बायको आजारी हाय म्हना. माझ्यावर ढकलायची सवय हाय तुमाला.

गोरक्षनाथ: बरं. पट्टा लावतो. पन स्पीड मी बांधून देनार, पळवायची न्हाई. आन हायवे सोडायचा, मागच्या कच्च्या रस्त्यानं यायचं. कबूल?

वैजनाथ: कबूल.

गोरक्षनाथ: मग दे हिकडं तो पाना. थ्रॉटल उजव्या मुठीला बसवतो, समद्यांना तीच सवय असती.

जयमाला: डाव्या मुठीला बसवा.

गोरक्षनाथ: डाव्या हातानं जड जाईल, वैनी. सवय व्हायलाच येळ लागंल.

जयमाला: लागू द्या. नानांचा पायानंतर उजवा हात गेल्ता.