मला कॉलम चावला

नाही नाही, कुत्रा नाही हो! केव्हापासून सांगतोय, त्या खिडकीतल्या सिस्टरलाही सांगितलं, तिनं कागदावर 'प्राणी' लिहिलंय तिथे 'मांजर' असं ठोकून दिलं, लिहू दे बापडी, तिला काय सांगणार... पण तुम्ही माझ्यासारखेच बाही वर करून या लसीच्या बाकावर बसलाय म्हणून तुम्हाला सांगतो, मांजर आपलं नावाला. मला खरा चावला तो कॉलम. कॉलम! डेटाबेसमधला! हसा, हसा, माझा नंबर सतरा, तुमचा बावीस, आत्ता कुठे नऊ चाललाय. वेळच वेळ आहे.

तर माझी मोठी बहीण जनावरांची डॉक्टर. स्वतःचा दवाखाना, बाहेर काउंटर, आत तपासायचं स्टीलचं टेबल, आणि काउंटरखाली एक जुनं कॉम्प्युटरचं धूड, चालू केलं की आधी पाच मिनिटं खोकणार आणि मग कामाला लागणार. मागच्या आठवड्यात ताईचा फोन. "अरे, ते मशीन आता कधीही मान टाकेल. नवीन आणलंय. जुन्यावरचं सगळं नव्यावर ने. तसंच्या तसं. ऐकतोयस ना? तुझी हुशारी नको, तसंच्या तसं." आता मी वीस वर्षं डेटाबेसमध्ये घासलेला माणूस! मी म्हटलं, "ताई, माझं रोजचं काम आहे हे, तू जा, कुत्री-मांजरं बघ." काय गरज होती असं बोलायची? सांगा ना, काय गरज होती?

आता डेटाबेसमध्ये टेबल म्हणजे काय, तर एक रजिस्टर. वर रकाने आखलेले, त्यांना म्हणायचं कॉलम, खाली एकेका जनावराची एकेक ओळ. आणि ते रजिस्टर दुसरीकडे कोरं करकरीत पुन्हा आखायचं कसं, याची लिहिलेली कृती म्हणजे स्क्रिप्ट. आधी स्क्रिप्टनं रजिस्टर आखायचं, मग जुन्या ओळी त्यात ओतायच्या. संपलं. टेबलं किती? एकतीस. आणि स्क्रिप्ट काढायला एक तयार बटण असतं. दाबलं की निघते. हो, असतं बटण! लक्षात ठेवा, पुढे ताई विचारणारे.

पण मला एक खोड आहे, मला कुतूहल आवरत नाही. लहानपणी घड्याळ उघडलं होतं, अजून मिटलेलं नाही. तर गंमत अशी की हा डेटाबेस स्वतःची सगळी कुंडली स्वतःकडेच लिहून ठेवतो, कुठलं टेबल, त्यात कुठले कॉलम, कशात किती अक्षरं मावतात, कुठला रिकामा सोडला तरी चालतो. मला वाटलं, मग यालाच विचारलं तर? तूच सांग की बाबा, तुला कसं बांधायचं! आणि बसलो स्टोअर्ड प्रोसिजर लिहायला. म्हणजे काय, डेटाबेसच्या पोटातच कामाची यादी लिहून ठेवायची, नाव घेऊन हाक मारली की ती आपली कामाला लागते. मी हाक मारली... आणि तुम्हाला सांगतो, एकतीसच्या एकतीस टेबलांच्या स्क्रिप्ट धबाधबा बाहेर! डेटाबेस स्वतःबद्दल स्वतः बोलतोय! अंगावर काटा आला माझ्या.

फक्त बोलत होता एका दमात. एकच ओळ. ना थांबा, ना वळण, एकतीस टेबलं सलग. ताई मागून येऊन वाचायला लागली, अर्ध्यात दमली. म्हणाली, "हे अगदी तुझ्यासारखं बोलतंय रे. श्वास घे म्हणावं त्याला." आता हे लागलं मला. म्हणून मग दुसरी प्रोसिजर, पहिलीनं ओकलेलं नीट मांडणारी. प्रत्येक कॉलम नव्या ओळीवर. ओळीच्या शेवटी स्वल्पविराम, पण शेवटच्या कॉलमला नाही, कारण तिथे स्वल्पविराम राहिला की डेटाबेस अडून बसतो, अजून कुणीतरी यायचंय असं समजून. मग सगळ्यात लांब नावाचा कॉलम कुठला? 'शेवटच्या_लसीची_तारीख'. ते मोजायचं आणि बाकीच्या नावांपुढे तेवढी जागा सोडायची, म्हणजे नावं एका उभ्या रेषेत, प्रकार एका रेषेत, स्वल्पविराम एका रेषेत... अहाहा! वरून खाली बघत बसावं! ओळंबा सोडून घ्या, एका रेषेत!

आणि जनावरांच्या टेबलात, दहाव्या ओळीवर, एक शेपूट बाहेर.

दिसलं आणि तळपायाची आग मस्तकात. कॉलमचं नाव 'चावतं_का'. असतात लोक, कसलेही कॉलम करतात, त्याचं काही नाही. पण त्याला एक डीफॉल्ट लावलेलं. म्हणजे कुणी काही भरलंच नाही तर डेटाबेसनं आपण होऊन काय भरायचं ते. आणि त्या डीफॉल्टला डेटाबेसनं स्वतःच्या मनानं ठेवलेलं नाव, हे लांबलचक, आकडे, अक्षरं, रेघा, कुठल्या जन्माचं वैर असल्यासारखं! एकशे सत्याऐंशी कॉलम मुकाट्यानं एका रेषेत आणि हा एकटा शेपटी हलवत समासाबाहेर उभा. मी चाळीस मिनिटं बघत होतो त्याच्याकडे. आणि मग, खोड म्हटलं ना, कुतूहल! डीफॉल्ट काय लावलंय? तर 'हो'. चावतं का, हो! जे जनावर अजून दारात आलेलं नाही, ज्याचं तोंड कुणी पाहिलेलं नाही, ते चावतं? का? हा कुणाचा न्याय?

काउंटरच्या बाई म्हणाल्या, "ते मामांना विचारा."

मामा म्हणजे दवाखान्यात जनावर धरणारे. एकोणतीस वर्षं धरताहेत. ताई सुई घेऊन येणार, तोवर जनावर मामांच्या हातात. आता डोळे अधू झालेत, दोन महिन्यांनी निवृत्त होताहेत, आणि ताईनं मामींना शब्द दिलाय की मामा दहाच्या दहा बोटं घेऊन घरी येतील. म्हणून काउंटरवर छापून निघते ना चिठ्ठी, त्यावर 'चावतं का' समोर 'हो' असेल तर लाल जाड पट्टा उमटतो. मामांना बाकी काही वाचता येत नाही, पट्टा तेवढा दिसतो. लाल दिसलं की कोपरापर्यंतचे चामड्याचे मोजे. पांढरं असलं की उघडे हात.

मी विचारलं, "मामा, न बघताच 'हो' का म्हणता?"

मामांचं बोलणं सावकाश. आधी उपरणं... आपलं, टॉवेल खांद्यावर टाकला, मग म्हणाले, "कॉम्प्युटरवाले, जनावर नवीन आलं की चावतं असं धरायचं. मग ओळख होते. मग आपण स्वतःच्या हातानं 'नाही' करायचं. घाई करायची नाही." आणि बाही वर केली. तुम्हाला सांगतो, हात नव्हे, नकाशा तो! "हे मनगटावर दिसतंय? बदक." बदक चावतं? मी धावत गेलो, टेबलात शोधलं, ओळ दोनशे बारा, बदक, चावतं का, हो! "हे कोपराखाली? पोपट." ओळ सहाशे चार! मामा व्रण दाखवताहेत आणि मी ओळी काढतोय, अकरा व्रण, दहा ओळी, एकही चुकली नाही! एक ससा तेवढा सापडेना, तर तो डेटाबेस यायच्या आधीचा निघाला. असा रंगलो, असा रंगलो... संध्याकाळ झाली, नव्या मशीनवर उद्या सकाळी दवाखाना सुरू व्हायचा, आणि मी परत येऊन स्क्रीनपुढे बसलो तर ते शेपूट अजून तिथेच.

आता बघा माणूस कसा असतो. त्याच शेपटाची कथा दोन तास ऐकून आलो. 'हो' का, ते जाणून आलो. आणि काय केलं? मनात म्हटलं, तूर्त प्रोसिजरमधून डीफॉल्ट वगळू, शेवटी वेगळ्या ओळीत लिहून जोडू. शेपूट कापलं. पुन्हा चालवलं. एका रेषेत! वरपासून खालपर्यंत, एका रेषेत! डोळे भरून आले हो माझे! ते वेगळ्या ओळीत जोडायचं? कुठलं काय! नव्या मशीनवर टेबलं आखली, जुन्या ओळी ओतल्या, मोजल्या, बरोबर भरल्या, आणि शीळ घालत घरी गेलो.

सकाळी काउंटरशी खुर्ची टाकून बसलो, आपलं कौतुक बघायला. पहिली आली एक बाई, टोपलीत मांजर. नवीन नाव, नवीन नोंद. बाई म्हणताहेत, "अगदी गरीब आहे हो, तोंडात बोट घातलं तरी चावत नाही." काउंटरच्या बाईंनी मांजराचं नाव घातलं, वय घातलं, 'चावतं का' त्या कधीच भरत नाहीत, का भराव्या, आपोआप भरतं! चिठ्ठी निघाली. पांढरी स्वच्छ. आणि मला, देवाशपथ सांगतो, पहिला विचार काय आला असेल? वा! किती सुबक दिसतेय! चिठ्ठी आणि टोपली घेऊन मांजराच्या बाई आत गेल्या, दार बंद झालं, आणि मग हळूच ती खोड जागी झाली... सुबक का दिसतेय? काय कमी आहे हिच्यात?

स्क्रीनवर बघितलं. चावतं का... रिकामं.

शेपूट! मी उठलो, खुर्ची पडली, दार ढकललं, तर आत मामा चिठ्ठी नाकाला लावून बघताहेत, पांढरी, मोजे बाजूला ठेवताहेत, "गरीब दिसतंय," म्हणताहेत आणि उघडा हात टोपलीत घालताहेत, तो हात! अकरा व्रणांचा! मी ओरडलो, "मामा, हो आहे! हो!" आता याचा अर्थ कुणाला लागणार? मामा म्हणाले, "काय हो?" ताई म्हणाली, "काय हो?" मांजराची बाई म्हणाली, "अहो, घाबरवू नका तिला!" मग बोलण्यात अर्थ नव्हता, मी सरळ मामांचा हात ओढला बाजूला आणि त्या गडबडीत माझाच गेला आत.

अंगठा! उजवा! कीबोर्डवर स्पेस द्यायचा! गरीब म्हणे! सोडेचना, मामांनी मानेला धरून शांतपणे सोडवलं तेव्हा कुठे. मी नाचतोय, ताई साबणाच्या पाण्यानं अंगठा धुतेय आणि धुता धुता विचारतेय, "तसंच्या तसं म्हटलं होतं ना?" हो म्हटलं. "मग काय काढलंस?" म्हटलं, एक शेपूट. "का?" आता का ते कसं सांगणार? म्हटलं, ताई, रेषेत बसत नव्हतं गं. ताई म्हणाली, "तयार बटण नसतं का रे याला?" बघा, म्हटलं होतं ना विचारेल म्हणून! मी म्हटलं, असतं. "त्यानं शेपूट राहिलं असतं?" राहिलं असतं. मग तिनं नुसता नळ मोठा केला. मामा म्हणाले, "जाऊ द्या डॉक्टरबाई, ओळख व्हायची होती अजून." आणि टोपलीचं झाकण लावून आपल्या दहा बोटांकडे एकदा बघून घेतलं. मी पण मोजली. दहा होती. जीव भांड्यात पडला माझा, खरं सांगतो, दुखत होतं तरी बरं वाटलं.

डाव्या हातानं टाइप करून डीफॉल्ट परत लावलं त्याच दिवशी. प्रोसिजरमध्येही घातलं. आता स्क्रिप्ट काढली की दहाव्या ओळीवर शेपूट बाहेर, लांबलचक, निर्लज्ज. बघतो आणि मान वळवतो.

पण काल काय झालं... आलो आलो, सोळा नंबर म्हणताहेत का? सोळा. एवढं ऐकाच. काल मी सहज, म्हणजे कुतूहलानं, जनावरांचं टेबल उघडलं, नव्या ओळी नीट भरताहेत का बघायला. कुत्रा, हो. कासव, हो. मांजर, हो. आणि खाली एक ओळ. प्राणी, इतर. नाव, कॉम्प्युटरवाले. लस, चालू आहे. चावतं का... 'नाही'. काउंटरच्या बाईंना विचारलं तर म्हणाल्या, "मामांनी बसून घालायला लावलं. 'हो' आपोआप आलं होतं, ते म्हणाले, थांबा, हे माझं मी करतो. एकेक अक्षर शोधत बसले होते बिचारे."

एकोणतीस वर्षांत त्या माणसानं किती जणांना 'नाही' दिलं असेल?

फक्त मामांनी टाइप करताना त्या 'नाही'च्या आधी दोन जागा मोकळ्या सुटल्यात. सगळे 'हो' एका रेषेत, खाली सरळ, आणि हे एक माझं 'नाही' पुढे सरकून वाकडं उभं. दोन स्पेस! काढायला काय लागतं, एक सेकंद! हात गेलासुद्धा माझा... मग पट्टीतल्या अंगठ्याकडे बघितलं. राहू दे म्हटलं.

सतरा? मीच, मीच सतरा! काय सिस्टर? तुम्हीपण विचारताय, कोण चावलं?... मांजर. मांजरच लिहा.