मस्कतचा उकाडा

(इजिप्तमधल्या तांता शहरातलं बायकांचं सलून. आतल्या कोपऱ्यात इन्शिराह डोक्यावर ड्रायर घेऊन बसली आहे, शेजारी तिची कॉलेजपासूनची मैत्रीण शाहिनाझ. दाराच्या पडद्यापलीकडे रस्त्यावर इन्शिराहच्या दिराची, रगबची, गाडी उभी आहे.)

शाहिनाझ: हळू बोल, पण नीट सांग. जेवताना काय म्हणाला रगब?

इन्शिराह: काही नाही गं. मी मुलुखियाची पातळ भाजी वाढत होते. तर म्हणाला, "मस्कतला उकाडा फार असतो म्हणे." एवढंच. आणि भाकरीचा तुकडा मोडला.

शाहिनाझ: आणि तू?

इन्शिराह: असेल, म्हटलं. पण हातातला डाव पडला माझ्या. शाहिनाझ, मस्कतच्या नोकरीचं मी कुणाला म्हणजे कुणाला सांगितलेलं नाही. लमीसलासुद्धा नाही, पोर शाळेत बोलून जाईल. फक्त तुला.

शाहिनाझ: माझ्याकडे अशी बघू नकोस. माझ्या नवऱ्याला मस्कत डावीकडे की उजवीकडे तेही माहीत नाही.

इन्शिराह: मग कळलं कसं? मला रात्रभर झोप नाही. नवऱ्यामागून सासरेही गेल्यापासून लमीसचा पालक म्हणून कोर्टात रगबचं नाव आहे. त्याने एक अर्ज टाकला की विमानतळावर पोरीला अडवतील. मला म्हणतील, बाई, तुम्ही खुशाल जा, मुलगी इथेच राहील.

शाहिनाझ: टाकलाय का अर्ज?

इन्शिराह: टाकला असता तर उकाड्याचं विचारलं नसतं. तो आधी वास घेतो. ड्रायर बंद करू का? डोकं भाजतंय.

शाहिनाझ: खबरदार. त्या आवाजासाठीच तर तुला त्याच्याखाली बसवलंय. फोन इकडे दे. मस्कतच्या शाळेशी बोलणं सगळं या ईमेलवर झालं ना?

इन्शिराह: हो. मुलाखत तेवढी तुझ्या घरून दिली. परवा त्यांचं पत्र आलं, नोकरी दिली, मुलीला घेऊन या म्हणून.

शाहिनाझ: हे बघ. तुझं खातं कुठेकुठे उघडलंय त्याची नोंद असते. हा तुझा फोन. आणि हा दुसरा?

इन्शिराह: ... असला मोठा फोन रगबचा आहे.

शाहिनाझ: मग वास कसला घेतोय, ताटातच बसलाय की तो! पासवर्ड काय होता?

इन्शिराह: सांगितला नाही कुणाला. अल्लाशपथ.

शाहिनाझ: होता काय?

इन्शिराह: आईचं नाव.

शाहिनाझ: इन्शिराह!

इन्शिराह: अगं, आपल्यात आईचं नाव कोण बाहेर सांगतं? गल्लीत सगळे तिला उम्म फथी, फथीची आई, म्हणतात. माझ्या भावाने लाजेपोटी शाळेत मार खाल्ला, पण नाव सांगितलं नाही. चेटूक करणाऱ्यालासुद्धा आधी आईचं नाव मिळवावं लागतं. मला वाटलं, याहून झाकलेलं दुसरं काय असणार?

शाहिनाझ: बाहेरच्यापासून झाकलेलं. नवरा गेल्यावर तुझ्या पेन्शनचे कागद घेऊन कचेऱ्या कोणी पालथ्या घातल्या?

इन्शिराह: रगबने.

शाहिनाझ: त्यात तुझा जन्मदाखला होता. दाखल्यावर आईचं नाव होतं. चोराच्या हाती किल्ल्या दिल्यास, आणि वर उपकार मानलेस.

इन्शिराह: बदल! आत्ताच्या आत्ता बदल तो पासवर्ड. हाकलून दे त्याला.

शाहिनाझ: हाकलला की त्याला कळेल तुला कळलंय. उद्या सकाळी कोर्टात उभा. नाही. ही ईमेलची पेटी अशीच उघडी राहू दे. आपण दुसरी काढू, कुलपाची.

इन्शिराह: कुलपाची म्हणजे?

शाहिनाझ: आतलं पत्र बंद असतं. तुझ्याकडच्या किल्लीशिवाय कंपनीलाही वाचता येत नाही. आज सकाळी शंका आली तशी मी तीन बघून ठेवल्यात. ही पहिली फार नावाजलेली, पण फोन नंबर मागते.

इन्शिराह: माझं सिम त्याच्या नावावर आहे.

शाहिनाझ: म्हणून बाद. दुकानात जाऊन त्याच नंबरचं दुसरं सिम काढून आणेल तो. या दुसरीला बँकेचं कार्ड लागतं.

इन्शिराह: बँकेचे मेसेजही तोच बघतो.

शाहिनाझ: तीही बाद. तुझ्या घरात तुझं असं आहे तरी काय गं? राहिली ही तिसरी. नंबर नको, कार्ड नको. फक्त पासवर्ड विसरलीस तर संपलं. आतली पत्रं कुणालाच उघडता येणार नाहीत.

इन्शिराह: कुणालाच?

शाहिनाझ: कुणालाच. आणि हेही ऐकून ठेव, मस्कतवाल्यांची पेटी साधीच आहे. त्यांच्याकडून कुणी वाचलं तर हे कुलूप कामाचं नाही. पण रगबचा हात तिथवर पोचत नाही. तुझ्या फोनवर काही टाकायचं नाही. दर गुरुवारी इथे यायचं, माझ्या फोनवर उघडायचं, वाचून बंद करायचं. मी तोंड फिरवीन.

रगब: (पडद्याबाहेरून) उम्म लमीस! अजून किती वेळ?

इन्शिराह: या अल्लाह. आला.

शाहिनाझ: रगबभाई, रंग लावलाय केसांना! आत्ता न्याल तर घरी झेब्रा घेऊन जाल!

रगब: असू दे, असू दे. मी गाडीत आहे.

शाहिनाझ: गेला. हा धर माझा फोन. चांगला लांब पासवर्ड घाल, घरातल्या कुणालाही ठाऊक नसलेलं काहीतरी.

इन्शिराह: आजीचं नाव?

शाहिनाझ: तुझ्या खानदानातली सगळी गाडून ठेवलेली नावं विसर आता!

इन्शिराह: मग लमीस पहिल्यांदा चालली ती जागा... ते सासूबाईंना माहीत आहे. माझं लग्न, माझं बाळंतपण, मला काय पचत नाही, मी कशाला रडते... सगळं त्यांना ठाऊक आहे गं. त्यांना ठाऊक नाही असं माझ्याकडे काहीच नाही.

शाहिनाझ: काहीतरी असेल. आठव.

इन्शिराह: एक आहे. ऐक, एकदा मी...

शाहिनाझ: मला सांगू नकोस! लिही. बघ, भिंतीकडे तोंड केलंय मी.

इन्शिराह: लिहिलं.

शाहिनाझ: हसतेयस? बरं. आता या नव्या पेटीतून आधी शाळेला लिही. मी येतेय. जुन्या पत्त्यावरून नकार येईल, तो दुसऱ्याला दाखवायला आहे, मनावर घेऊ नका.

इन्शिराह: विश्वास ठेवतील? मलाच कुणी असलं लिहिलं तर मी ठेवणार नाही.

शाहिनाझ: तुलाच माहीत असेल असं काही घाल.

इन्शिराह: मुलाखतीत मोठ्या बाईंचं मांजर टेबलावर चढलं होतं. त्यांनी त्याला दामटून मांडीत घेतलं आणि तसंच मला रसायनशास्त्र विचारलं.

शाहिनाझ: घाल मांजर.

इन्शिराह: गेलं. आता थांबू या ना, उत्तर येईपर्यंत?

शाहिनाझ: ड्रायरखाली किती वेळ बसशील? थांब... आलं बघ. दोनच ओळी आहेत.

इन्शिराह: "मांजर तुमची वाट पाहतंय. तुमचा नकार आम्ही मनावर घेणार नाही." शाहिनाझ, मला रडू येतंय.

शाहिनाझ: नंतर रड. आता तुझा फोन घे, जुन्या पेटीतून नकार पाठव. त्याचेच शब्द त्याला परत दे.

इन्शिराह: "मुलीला परका मुलूख मानवणार नाही. तिथे उकाडाही फार असतो, असं घरची वडीलधारी माणसं सांगतात. माफ करा." पाठवू?

शाहिनाझ: बिस्मिल्ला म्हण आणि पाठव.

इन्शिराह: पाठवलं. त्याने वाचलंच नाही तर?

शाहिनाझ: आज नाही तर उद्या वाचेल. ये, केस विंचरून देते. मान अशी ताठ धरू नकोस, फाशी द्यायला नेतायत असं वाटतं.

इन्शिराह: ऐक. गाडीचं दार वाजलं.

रगब: उम्म लमीस! झालं असेल तर चला. सावकाश, घाई नाही. वाटेत लमीससाठी गोड बसबूसा घेऊ. आईसाठीपण घेऊ.

शाहिनाझ: (कानात) मघाशी घाई होती याला.

इन्शिराह: आलेच, भाऊजी.

रगब: आज वारा कसा छान सुटलाय बघा. माणसं उगीच परमुलखात जातात. इथलाच उकाडा बरा. काय?

इन्शिराह: हो, भाऊजी. इथलाच बरा.