प्रेसचा डोळा कोनी बंद केला

माजं नाव मंजुळा. सारसोळ्याची, नेरुळजवळचं खाडीकाठचं गाव. जन्म तिथलाच, लग्न पन गावातल्या गावात, ह्या आळीतून त्या आळीत. बाबा खाडीत जाळं टाकायचा, आई टोपली घेऊन नेरुळच्या बिल्डिंगींमदी मासे विकायची, वॉचमन तिला मागच्या जिन्यानं पाठवायचा, वास येतो बोलायचा, आनि वर गेली की त्याच बिल्डिंगीतल्या बाया दार उघडून बोलायच्या, आज निवट्या नाय आनल्या का गं मावशी. तर मानसं कशी असतात ते मला लहानपनीच कळलं, त्याच्यासाठी कंपनीत जावं लागलं नाय. मंग खाडीचं पानी नासलं, जाळ्यात मासळीपेक्षा प्लास्टिक जास्त यायला लागलं, आनि मी एमआयडीसीत पत्र्याचे डबे बनवनाऱ्या कंपनीत लागली. तुमच्या घरी तुपाचा डबा असेल ना, त्याचं झाकन कोन जाने माज्याच हातचं असेल.

आमचं काम प्रेसवर. म्हनजे काय, पत्रा आत ठेवायचा, पाय दाबायचा, वरून लोखंडी ठोकळा धाडकन खाली येतो, झाकन तयार, चिमट्यानं उचलायचं, दुसरा पत्रा. दिवसभर तेच. ठोकळ्याला काय कळतंय पत्रा कुठला आनि बोट कुठलं. म्हनून आमी भ्यायचो. नवी बाई आली की तिला पयली गोष्ट हीच शिकवायची, बाय, चिमटा सोडून हात आत घालायचा नाय, जीव गेला तरी नाय. त्या भीतीवर आमची बोटं शाबूत राहिली, कंपनीच्या मेहेरबानीवर नाय.

मोठे शेठ गेले आनि छोटे शेठ आले. हा बाहेर शिकून आलेला, सेक्शनमदी यायचा तर रुमाल नाकाला. त्याच्या डोक्यात आलं कंपनी स्मार्ट करायची. आमाला कॅन्टीनमदी बसवलं, एक टायवाला आला, बोलला आता तुमच्याकडं सायबर-फिजिकल सिस्टीम येनार. सगळ्या बाया एकमेकींकडं बगायला लागल्या. माज्या बाजूची रंजना हळूच बोलली, सायबर म्हनजे ते फोनवर ओटीपी मागनारे ना गं? मी बोलली, तेच असतील, आता घरी येऊन मागनार. टायवाल्यानं मंग समजावलं, मशीनला नसा बसवनार, नसा कंप्युटरला जोडनार, कंप्युटर सगळं बगनार आनि मशीनला हुकूम देनार, थांब बोलला की मशीन थांबनार. आनि प्रत्येक मशीनचं एक जुळं कंप्युटरमदी राहनार. जुळं! आमी जिचं तेलपानी करून मेलो तिचं जुळं एसीमदी बसनार. मंग त्या कंप्युटरच्या कपाटाला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आनि भटजीला सांगितलं पानी जास्त शिंपडू नका, गॅरंटी जाते.

भिंतीवर भला मोठा पडदा लागला. त्याच्यावर सगळ्या प्रेस आनि सगळ्यांची नावं. काम चालू असलं की हिरवं, ढिलं पडलं की पिवळं, थांबलं की लाल. मनगटाला पट्टा दिला, हात किती हलतो ते मोजायला. लघवीला गेलं की नाव पिवळं. काय सांगू तुमाला, ह्या वयाच्या बाया आमी, नातवंडं झाली काहींना, आनि आमची लघवी भिंतीवर लावली त्यांनी. दातार साहेब आमचे प्रॉडक्शन मॅनेजर, ते आदी दिवसातून एकदा तरी सेक्शनमदी फिरायचे, ते बंदच झाले. केबिनमदी बसून पडदा बगायचे. एकदा पंख्याची मोटर जळाली, सगळा धूर, आमी खोकत बाहेर आलो, तर ह्यांचा फोन, सगळं लाल दिसतंय, काम कशाला थांबवलं? मी बोलली, साहेब, धूर झालाय, खिडकीतून बगा. तर बोलले, सिस्टीमवर धुराचं काय आलेलं नाय. धूर त्यांच्या दारातून आत गेला तवा उठले.

पन एक गोष्ट चांगली होती, ती सांगितली पायजे. प्रेसच्या दोन्ही बाजूंना खांब बसवले, मदी न दिसनारी किरनं. हात आत असला तर ठोकळा खालीच येत नाय. त्याला आमी डोळा बोलायचो. टायवाल्यानं स्वतःचा हात आत घालून दाखवला, पाय दाबला, काय नाय, ठोकळा वरच. आमचा विश्वास बसायला वेळ लागला, पन बसला. हळूहळू चिमटे खुंटीला गेले. अडकलेलं झाकन बाया हातानंच काढायला लागल्या. रंजना तर बोलायची, मंजे, आता झोप लागते गं, नायतर आदी सपनात पन ठोकळा यायचा. रंजना साताऱ्याकडची, कामोठ्याला भाड्यानं राहायची, नवरा वारलेला, एक पोरगी कालेजात. आमी दोगी शेजारच्या प्रेसवर, डबा एकत्र.

आता झालं काय, त्या डोळ्याला साडीचा पदर पन दिसायचा, ओढनी पन दिसायची. पदर मदी आला की मशीन थांबायचं, पडद्यावर लाल. दातार साहेबांना लाल आवडायचं नाय, कारन छोटे शेठच्या मोबाइलमदी पन तोच पडदा. त्यात बाहेरून मोठे गिऱ्हाईक येनार, कंपनी किती स्मार्ट झाली ते बगायला. शेठनं सांगितलं, त्या हप्त्यात मला पडदा हिरवा पायजे. झालं. दातार साहेबांनी केबिनमदी बसल्या बसल्या डोळे बंद केले, मशीनचे. खांब उभेच, लाइट पन लुकलुकतेय, फक्त आता कोन बगत नाय. आमाला एका शब्दानं सांगितलं नाय.

जेवन करून आलो, कामाला लागलो. रंजनाचं झाकन अडकलं. तिनं हात घातला, रोजच्यासारखा. मी तिचं ओरडनं ऐकलं नाय, मी आदी ठोकळ्याचा आवाज ऐकला, तो वेगळा असतो, मऊ. धावत गेली, मेन बंद केला, तिला धरली, तिची दोन बोटं... जाऊ द्या. आनि मान वर करून बगते तर भिंतीवर हिरवं. रंजनाचं नाव हिरवं. तो ठोका पन मोजला होता त्यांनी, एक झाकन म्हनून. तवापासून त्या पडद्याची मला जी किळस बसली ती बसली. गटाराची एवढी येत नाय.

दुसऱ्या दिवशी दातार साहेबांनी बोलावलं, खुर्ची दिली, चहा मागवला, तवाच समजलं काहीतरी घान हाय. बोलले, मंजुळाबाई, सिस्टीममदी सगळं येतं, रंजनाबाईनं निष्काळजीपनं हात घातला असं दिसतंय, तुमी साक्षीदार म्हनून सही करा. मी बोलली, डोळा कोनी बंद केला? बोलले, ते टेस्टिंग होतं. मी बोलली, टेस्टिंगला तुमचा हात का नाय घातला, तो टायवाला तर घालत होता. तर बोलले, भाषा सांभाळा. चहा तसाच ठेवून मी उठली. युनियनवाल्याकडं गेली, तो बोलला विषय नाजूक हाय, आनि त्यानं केबिनमदी जाऊन माजाच चहा पिला असेल बहुतेक. बेलापूरला सरकारी ऑफिसात गेली, तिथला मानूस माज्याकडं न बगता बोलला ऑनलाइन टाका. त्याच्या टेबलावर पन कंप्युटर, आनि तो पन त्यालाच बगतोय. मला वाटलं एकाच आईची लेकरं.

मंग मी बायांना डब्याच्या वेळेला बोलली. भाषन नाय केलं. फक्त बोलली, डोळे चालू झाल्याशिवाय मी प्रेसवर बसनार नाय, तुमचं तुमी बगा. एक बोलली घरचे हप्ते हायत गं. मी बोलली बस मंग, मी रागावनार नाय. रात्रभरात काय ते जिचं तिनं ठरवलं असेल. दुसऱ्या दिवशी सकाळी गिऱ्हाईक येनार, गेटला रांगोळी, छोटे शेठ कोटात. आनि आमी सगळ्या आपापल्या प्रेसच्या बाजूला हात बांधून उभ्या. एक पन बसली नाय. पडदा लाल, वरपासून खालपर्यंत लाल, लग्नाच्या शालूसारखा.

दातार साहेब धावत आले, बसा बसा, आत्ता बसा, नंतर बोलू. मी बोलली, डोळा चालू करा, बसतो. ते घामानं भिजले पन केबिनकडं जाईनात, कारन गिऱ्हाईकासमोर चालू केला तर बंद होता हे कबूल. तेवढ्यात पावनी मंडळी आत आली. छोटे शेठनं इंग्रजीतून काहीतरी सांगितलं, मेंटेनन्स मेंटेनन्स असं ऐकू आलं. आनि त्या पावन्यांची तऱ्हा बगा, एवढ्या बाया उभ्या, कोनी विचारलं नाय का उभ्या. एकानं लाल पडद्याचा फोटो काढला, बोलला व्हेरी गुड, आनि गेले काजू खायला.

एक आता सांगते, तवा नाय सांगितलं कोनाला. वाटलं आज गेली नोकरी, माज्यामागं ह्या सगळ्यांची पन गेली. दुपारी छोटे शेठ स्वतः आला, नाकाला रुमाल नाय पयल्यांदा. काय पायजे तुमाला? मी बोलली, डोळे चालू, आनि ते बंद करायचं बटन केबिनमदी नको. रंजनाचा इलाज कंपनीनं करायचा आनि तिला बसून काम द्यायचं. तो बोलला बरं. लाज वाटली म्हनून नाय हां, माल भरायचा होता म्हनून. संध्याकाळपर्यंत डोळे चालू झाले. मी स्वतः पदर आत घालून बगितला.

तुमाला वाटेल जिंकलो. थांबा. रंजना दवाखान्यातून आली आनि मला कळलं तिनं सही केली, चूक माजीच होती म्हनून. दातार साहेब तिच्या घरी गेले होते पेढे घेऊन, पोरगीला ऑफिसात नोकरी देतो बोलले. मी कामोठ्याला गेली ती तनतनत गेली. बोलली, आमी तुज्यासाठी उभ्या राहिलो, आनि तू पेढ्यावर विकली गेलीस? तिनं पट्टी बांधलेला हात मांडीवर घेतला, बोलली, मंजे, तुजं घर सारसोळ्यात हाय, तुजे भाऊ हायत, गाव हाय, तुला कोन उठवनार? मला घरमालक एका सांजेत बाहेर काढील. तू उभी राहू शकतेस, तू राहा. मला चहा देऊ लागली, डाव्या हातानं. मी आयुष्यभर लोकांना तोंडावर बोलत आली, त्या दिवशी कप तिच्या हातातून घेतला. चहा पिली, घरी आली.

दातार साहेबांना दुसऱ्या प्लँटला पाठवलं, वरच्या पोस्टवर, हार घालून. सिस्टीम उत्तम चालवली म्हनून. रंजना आता स्टोअरमदी बसते, तिची पोरगी वर ऑफिसात, त्याच पडद्यावरचे आकडे बगते, हुशार हाय, मला मावशी बोलते. आमचा डबा अजून एकत्रच. त्या सहीबद्दल आमी परत बोललो नाय.

आता नवीन काय, तर लोखंडी हात आनलाय. पिंजऱ्यात उभा करून ठेवलाय, तोच पत्रा ठेवतो, तोच झाकन काढतो, पट्टा बांधायला त्याला मनगट नाय. छोटे शेठ त्याच्यासोबत फोटो काढतो, आमच्यासोबत कदी काढला नाय. बाया कमी होत चालल्या. माजी पन निवृत्ती आलीच, जाईन मी, मला त्यांचा निरोपसमारंभ नको, त्यांची शाल नको. राहिलेल्या बायांना एवढंच सांगते, खुंटीवरचा चिमटा उतरवा, कंपनीचा डोळा असो नसो, आपला उघडा ठेवा. ऐकतात काही, काही हसतात. हसू देत. तुमी एवढा वेळ बसून ऐकलंत, लिवून घेतलंत, मला वाटलं नव्हतं कोन ऐकेल. देव तुमची दाही बोटं शाबूत ठेवो, बाय. माज्याकडं दुसरा आशीर्वाद नाय.