मेणातली रत्ना

मला एक सांगा, शेवटी ओतूनच टाकायचं होतं, तर ते मेण मला तीन आठवडे कोरायला लावलं कशाला? तुम्हाला सांगतो, तहसिलात चौतीस वर्षं कारकुनी केली, पण नक्कल हाती यायच्या आत मूळ कागद जाळायची पद्धत मी फक्त भोरच्या ह्या ओतकामाच्या वर्गातच पाहिली! आधी मेणाची मूर्ती करा, वर माती लिंपा, भट्टीत तापवा, मेण गेलं वाहून, आणि त्या रिकाम्या जागेत ओता पितळ! आमच्या शेफालीबाई, वय वर्षं सव्वीस, मला म्हणतात, "काका, जाऊ द्या ना मेण! आकार मातीच्या लक्षात राहतो." मातीच्या? अहो, माझ्या लक्षात काय होतं, ते ह्यांना कुठं ठाऊक!

मी करत होतो आमच्या हिचा मुखवटा. रत्नाचा. तळहाताएवढाच. पण आत्ताच्या नव्हे... बाविसाव्या वर्षाच्या. लग्नानंतर महिन्याभरात भाटघरला गेलो होतो, धरणावर वारा असा की माझी टोपी उडून थेट पाण्यात, मी "अगं, अगं" करत टोपीमागं धावतोय, आणि ही हसली... पदर सुटलेला, मागं सगळं पाणीच पाणी... तेव्हाच म्हणायला हवं होतं, छान दिसतेस. नाही म्हणालो. टोपी नवी होती ना! मग बेचाळीस वर्षं ते राहूनच गेलं. म्हटलं, तोंडानं जमत नाही, तर पितळेत सांगू. आणि मेणात मात्र हुबेहूब उतरली होती हो!

माती फोडली, तर डाव्या गालावर पितळेचा फोड! घेतली कानस. फोड गेला, पण गाल बसला. आता एक गाल बसलेला न् एक वर, चालेल कसं? दोन्ही बाजू जुळल्याशिवाय कागद पुढं सरकवायची मला सवयच नाही! उजवा घासला. तो जास्त बसला. पुन्हा डावा... शेजारी विंझरचा धनाजी, बैलांच्या घंटा ओतायला शिकतोय, तो म्हणतो, "भाऊसाहेब, लई घासू नका, वहिनी उरायच्या न्हाईत!" ऐकतोय कोण? हात कानशीवर, मन भाटघरला... भानावर आलो तर ओठ आत, हनुवटी वर. मेणात मात्र हुबेहूब होती!

तरी रुमालात गुंडाळून घरी नेला. "रत्ना, तू अशी दिसायचीस," एवढं वाक्य पाठ केलेलं. रुमाल सोडला. हिचे डोळे भरले. मी तोंड उघडणार, तोच ही, "अगं बया! माजी आई!"

सासूबाई! बनाबाई! जाऊन सहा वर्षं झालेल्या!

"दादाला सांगून दमले, गेलेल्या आईचा टाक कर, देवघरात बसव. पोटच्या लेकाला जमलं न्हाई, आन् तुमी... आवो, कदी बोलला बी न्हाई!" म्हणून माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडली. आता ह्यावर खुलासा सादर करायची हिंमत कुणाची?

तेव्हापासून रोज आंघोळ झाली की सासूबाईंना गंध लावतो, फूल वाहतो. ही दारात उभी राहून बघते आणि हसते... तेच हसू, तुम्हाला सांगतो, अगदी तेच! म्हणून शेफालीबाईंना म्हटलं, पुन्हा एकदा करून बघतो. त्या म्हणतात, "करा की! नवीन पितळ कशाला, जुनंच घाला मुशीत."

आता तुम्हीच सांगा, सासूबाईंना भट्टीत कुणी घालायचं?