टिकलीखालचा डाग

माहं माहेर कळंबच्या अंगानं, चिंतामनीच्या देवळात पायी जाऊन दुपारच्या आत घरी परत येता येते एवढंच अंतर. बापाचं वावर होतं, आमी चार बहिनी अन् एक भाऊ, मी तिसरी, म्हनून मले कोनी लाडानं वाढवलं असं नाही अन् कोनी हिडीसफिडीस केलं असंही नाही. सातवी शिकली, मंग घरीच. लग्न झालं तशी दिग्रसले आली, तेव्हापासून इथंच हाये. आमचे हे, म्हन्जे प्रनालीचे बाबा, बस स्टँडच्या बाजूले सायकलीचं दुकान घेऊन बसतात, आता सायकली कमी अन् मोटरसायकलीचे पंक्चरच जास्त, पन पाटी अजून सायकलीचीच हाये. मानसाचं बोलनं मुळातच कमी. घरात आत्याबाई हायेत, माह्या सासूबाई, लेकाच्या वाटचं सगळं त्याच बोलतात. अन् एक पोरगी, प्रनाली, तिच्यापायी तं हे सारं सांगून राह्यली मी तुम्हाले, ताई.

मी जिनिंगमधे जाते, कापसातली सरकी काढाच्या कारखान्यात. कापसाचा सीजन असला का रोज जाते, नसला का लोकाच्या वावरात तन निंदाले. गंज वर्सं झाले, आता मोजत नाही. जिनिंगमधे आमचं काम म्हन्जे कापूस मशीनवर जायच्या आधी त्यातला कचरा, पत्ती, कवडी निवडायची. कवडी म्हन्जे तो किडका कापूस असते ना, पिवळा पडलेला, तो. वरून पत्र्याचं छत, अंगावर सगळी कापसाची धूळ, अन् घाम असा का विचारू नका. सुरुवातीले मी कुंकू लावत जाओ, माहेरची सवय, खाली थोडं मेन अन् वर कुंकू. तं घाम आला का ते कुंकू नाकावर उतरे, हातानं पुसलं का हाताले लागे, अन् तोच हात कापसात. एक दिवस मुकादम आला, हातात कापसाचा पांढरा गोळा अन् त्याले लाल बोटं लागलेले. म्हने, हे कोनाचं कपाळ हाये, रुईत कुंकू गेलं तं मालाचा भाव जाते, उद्यापासून कोनी कुंकू लावून यायचं नाही, टिकली लावा नाहीतं घरी बसा. तं घरी कोन बसते, सांगा. दुसऱ्या दिवसापासून आमी साऱ्या बाया टिकलीवाल्या झालो. आमाले बरंच वाटलं, कुंकवापेक्षा टिकली सोपी, ना मेन ना डबी. काय सांगू तुम्हाले, तिथंच गाडं फसलं, पन तेव्हा कोनाले ठाऊक.

एक टिकली मी आठ आठ दिवस वापरत जाओ. संध्याकाळी तोंड धुतलं का ती आरशाले चिकटवून ठेवायची, सकाऊन काढून परत कपाळाले. सगळ्या बाया तसंच करतात, तुमीही करत असान. आमच्या आरशात तोंड कमी अन् टिकल्या जास्त दिसत, हे दाढी करताना म्हनत का मले माहा गाल सापडून नाही राह्यला. तेवढीच त्याइची मस्करी.

मंग तीन-चार वर्सांमांगं कपाळ खाजवाले लागलं. टिकलीच्या बरोब्बर खाली. मले वाटलं घामोळं हाये, पावडर लावली. मंग लाल झालं, थोडं पानी सुटलं, शेजारची कुंदाबाई म्हने, माह्या पोरीची गोरं व्हायची क्रीम हाये, लावून पाहा, गुन येते. लावली. दोन दिवस बरं वाटलं अन् मंग आनखी आग. असं करता करता लाली गेली, खाजही कमी झाली, मले वाटलं सुटलो, तं एक दिवस टिकली काढली अन् पाह्यलं, खाली ज्वारीच्या दान्याएवढा पांढरा ठिपका. एकदम पांढरा. मी बोटानं घासून पाह्यला, जाईना.

आता तुमीच सांगा, बाईमानूस काय करन? मी टिकली लावून टाकली त्याच्यावर. झाकला गेला. कोनाले सांगितलं नाही, ह्याइलेही नाही. मंग पंधरा दिवसानं पाह्यलं तं ठिपका टिकलीच्या बाहीर डोकावून राह्यला, म्हनून मी मोठ्या टिकलीचं पाकीट आनलं. मंग त्याच्याही बाहीर, मंग त्याहून मोठी. टिकली मोठी केली का डाग मोठा, डाग मोठा झाला का टिकली मोठी, अशी मी वर्सभर त्याच्यामांगं धावून राह्यली. जिनिंगमधल्या बाया म्हनत, काहो शोभाबाई, अंगात देवी यायची हाये का, एवढी टिकली. मी हासून घेओ. पन रोज संध्याकाळी टिकली काढताना हात भिऊन जाये.

अन् भीती माह्या रूपाची नोती, माह्या रूपाचं आता काय कराचं. भीती प्रनालीची होती. पोट्टीचं बीए झालं होतं, शिवनकाम चांगलं, सोयरीक पाहनं सुरू झालं होतं. अन् आपल्याकडे मायच्या अंगावर पांढरा डाग म्हन्जे कोड, अन् मायले कोड म्हन्जे पोरीच्या घरी कोनी चहाले पन येत नाही.

आर्णीकडचं एक ठिकान आलं. मानसं बरी होती, पोरगा बँकेत. उन्हाळा, पंखा गरम हवा मारून राह्यला, मी पोह्याच्या प्लेटा घेऊन आली, वाकून पोराच्या मावशीच्या हाती प्लेट देली, अन् तेवढ्यात घामानं टिकली सुटली ते सरळ तिच्या पोह्यात. तिनं पहिले पोह्याकडे पाह्यलं, मंग मह्या कपाळाकडे. मी पदर घेतला पन घेऊन काय उपेग. मावशीनं प्लेट खाली ठेवली. चांगलेच उठले, चांगलेच गेले. तिसऱ्या दिवशी फोन आला, पोरगी लाखात एक हाये म्हने, पन आमच्या घरात पुढं लेकरंबाळं व्हायचे हायेत. बस, एवढंच. प्रनालीनं रागावलं असतं तं बरं झालं असतं ना. ती मशीनवर बसून राह्यली अन् ब्लाऊज शिवत राह्यली, अन् मी मोरीत जाऊन रडली.

तिनंच मंग मले यवतमाळले नेलं, चामडीच्या डॉक्टरीनबाईकडे. यष्टीत मी खिडकीकडे तोंड करून बसली. डॉक्टरीनबाईनं मले खूप विचारलं, केसाले काय लावता, तोंडाले काय लावता, साबन कोनता, टिकली कोनती, किती दिवस एकच टिकली. मी म्हनलं, बाई, कपाळाचं पाहा ना, साबनाचं कायले विचारता. ते म्हने, तेच पाहून राह्यली. मंग माह्या पाठीवर चौकोनी पट्ट्या चिकटवल्या, एकीत टिकलीचा गोंद, एकीत ते क्रीम, एकीत आनखी काय काय, अन् दोन दिवस पाठीले पानी लावाचं नाही. दोन दिवसानं परत गेलो. प्रनालीनं मांगून पाह्यलं अन् म्हने, आई, गोंदाचा चौकोन लाल झाला.

डॉक्टरीनबाई म्हने, हे मुळातलं कोड नाही. टिकलीच्या गोंदात रसायन असते, ते काही जनीच्या चामडीले सोसत नाही, पहिले खाज येते अन् मंग रंगच खाऊन टाकते. जेवढी मोठी टिकली लावली तेवढा मोठा डाग तुमीच केला. हे ऐकून मले हासावं का रडावं कळेना, वर्सभर झाकता झाकता मीच तो वाढवला. ते म्हने, पोरीले ह्यातून काही व्हत नाही, अन् कोड असतं तरी ते काही कोनाले लागत नसते. मले ते गोड वाटलं, पन हे तिनं आर्णीले जाऊन सांगाले पाह्यजे होतं. मी म्हनलं, बाई, तुमी सगळं इंग्रजीत लिवता, एक कागद मराठीत द्या, का हे कोड नाही म्हनून. ते हासली, पन लिहून देला, खाली सही शिक्का. तो कागद मी पोथीसारखा जपला.

पन मंग ते म्हने, आजपासून टिकली बंद. मी म्हनलं, कुंकू? कुंकूही नाही, त्याच्यातही रंग असते, डाग भरेपर्यंत कपाळाले मलमाशिवाय काहीच लावाचं नाही. भरन कधी? ते म्हने, भरन तं भरन, नाही तं नाही.

घरी आली तं आत्याबाईनं कपाळ पाह्यलं अन् डोक्याले हात लावला. दुसऱ्या दिवशी सकाऊन मी पोळ्या करत होती तं मांगून आल्या अन् आपल्या हातानं मले कुंकू लावलं. एवढी आग झाली का मी तशीच मोरीत धावली. मी धुवून राह्यली अन् त्या दारात उभ्या, म्हने, मले हे कपाळ नशिबानं आलं, शोभा, तू हातानं कायले आनतं? त्याइचंही कपाळ रिकामं हाये ना, सासरे गेल्यापासून. मले राग आलता, पन त्या बोलल्या अन् राग कुठं गेला कोन जाने. त्याइच्या पोटात भीती होती. आपल्या लेकाच्या जिवाची.

मंग दुसरं ठिकान आलं, दारव्ह्याकडचं. ह्या वेळेस मी ठरवलंच, झाकाचं नाही. रिकामं कपाळ घेऊन बसली अन् पोह्याच्या आधी कागद समोर ठेवला. पोराची माय शिकलेली, तिनं दोनदा वाचला, मंग कागद घडी करून मले परत देला अन् म्हने, ठीक हाये, चहा ठेवा. मी सैपाकघरात गेली अन् चहा ठेवला. सोयरीक जुळली.

हळदीच्या दिवशी मांडवात सगळ्या बाया जमल्या. पहिली हळद पाच सवासिनी लावतात, तं पोराकडची एक म्हतारी आत्या, तिले कागदाचं काय माहीत, ते एकेकीचं कपाळ पाहून बोलवून राह्यली, तू ये, तू ये, तू ये. माह्यावर आली अन् पुढं गेली. मह्या गळ्यात डोरलं, हातात हिरवा चुडा, पन लोकं पहिले कपाळच पाह्यतात. कुंदाबाई बोलाले गेली तं मीच तिचा हात धरला. खरं सांगू, वर्सभर मी कपाळ रिकामं कायले ते सांगून सांगून थकलती, जिनिंगमधे सांगा, बसमधे सांगा, किरान्याच्या दुकानात सांगा, मानूस सांगन तरी किती. म्हनलं जाऊ दे, लावू दे त्याइले, पोट्टीचं लग्न तं होऊन राह्यलं. मी मांगं सरकली.

तं हे, जे पाहुन्याइच्या समोर पानी मांगत नाहीत, ते मांडवाच्या खांबाजवळून उठले. बायाइच्या मंधात आले अन् त्या आत्यापुढं उभे राह्यले. म्हने, मी जिता हाये. आत्या पाह्यतच राह्यली. मंग मह्याकडे हात करून म्हने, ते माही बायको हाये, अन् मी जिता हाये. एवढं बोलले अन् जाऊन परत खांबाजवळ बसले. मंग प्रनालीच म्हने, आई, ये. मी पहिली हळद लावली, ते तिच्या गालाऐवजी कानाले लागली.

आता पोरगी तिच्या घरी सुखात हाये. माहा डाग थोडासा भरला, कडेकडेनं, मंधात तसाच हाये. जिनिंगमधे जाते, तोंडाले फडकं बांधते, कोनी कपाळाचं विचारलं तं नुसतं हूं म्हनते. लग्नकार्याले हे दुकान बंद करून मह्यासंगं येतात, बायाइच्या बाजूनं जिथं मी दिसन तिथं खुर्ची टाकून बसतात, गुमान. त्याइचेही गुडघे दुखतात आता. आत्याबाई देवापुढं दिवा लावतात अन् म्हनतात, माह्या लेकाले आयुष्य दे. मीही तेच म्हनते, पन मह्या मनात दुसरंच येते. माहं कपाळ तं आजच रिकामं, उद्या हे गेले तं लोकाइले मह्यात काहीच फरक दिसनार नाही, ताई. म्हनून म्हनते, मले ने देवा पहिले, अन् मले नेशीन त्या दिवशी तरी कपाळभर कुंकू लावू दे त्याइच्या हातानं, मंग कितीही आग होऊ दे.